उजव्या दारामागे

मुंगळ्या,

तू शेजारच्या खोलीत बसला आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. आपल्या आईनं याला रिकामे उद्योग म्हटलं असतं. म्हणू दे. तोंडानं सांगायला घेतलं की तू ‘बरं बरं, कळलं’ म्हणून टीव्हीचा आवाज वाढवतोस आणि मी चिडून भलतंच बोलून बसते. कागदावर निदान तुला मधे तोंड घालता येत नाही.

आणखी एक. तुला ‘तू’ आणि मला ‘मी’ म्हणत राहिले तर चौथ्या ओळीत मी भांडणावर येईन. म्हणून इथून पुढे तू ‘तो’ आणि मी ‘ताई’. कुणा परक्या माणसाची हकिकत वाचतोय असं समज आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर टाकून उठलास तर माझ्याशी गाठ आहे.

मुंगळ्या हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी आपल्यापेक्षा मोठी वस्तू दिसली की हा ती ओढायला घ्यायचा. पाण्यानं भरलेली बादली, लाकडी बाक, एकदा तर झोपलेल्या आजोबांसकट खाट. आजोबा जागे झाले ते अंगणात. नाव तेव्हापासून चिकटलं, आणि पुढे त्यानं पोटासाठी जे काम केलं तेही ओढण्याचंच.

शिकला तो सुतारकी. हात चांगला होता. सांधा असा बसवायचा की नखसुद्धा आत जाऊ नये. पस्तिशीत त्याला टीव्हीच्या एका स्टुडिओत काम मिळालं. तिथं ‘नववी कक्षा’ नावाची नवी मालिका सुरू व्हायची होती. एक अंतराळयान आहे, ते ग्रहांमागून ग्रह हिंडतं आणि दर रविवारी संध्याकाळी सातला संकटात सापडतं, अशी ती मालिका. यानाच्या मुख्य दालनाचं दार मुंगळ्यानंच केलं. प्लायवूडच्या दोन फळ्या, वर चंदेरी रंग, खाली रूळ. माणूस जवळ आला की दोन्ही फळ्या आपोआप दोन बाजूंना सरकणार, असं कागदावर लिहिलेलं. त्यासाठी मोटारही आणली होती. पण पहिल्याच दिवशी मोटार अशी घरघरली की कॅप्टन काय बोलतो ते कुणाला ऐकू येईना. दिग्दर्शक ओरडला, “बंद करा ती चक्की! या आठवड्यापुरतं हातानं ओढा कुणीतरी!”

तो आठवडा सव्वीस वर्षांवर चालला.

उजवी फळी मुंगळ्याकडे आली आणि डावी त्याच्या जोडीदाराकडे. प्रेक्षकाला जी उजवी दिसते ती उजवी, असा तिथला हिशोब. स्टुडिओत दोघांना खऱ्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. ‘ए डाव्या, चहा घेतलास का?’, ‘उजव्या, तुझा डबा इथं राहिलाय!’ पगाराच्या चिठ्ठीवर नाव होतं म्हणून, नाहीतर दोघंही ते विसरले असते.

आता हे दोघं दाराच्या दोन बाजूंना, पुठ्ठ्याच्या भिंतींमागे, एकमेकांना न दिसणारे. बोलायची सोय नाही, कारण पुढे चित्रीकरण चालू. मग दोन्ही फळ्या एका क्षणी सरकणार कशा? त्यांची युक्ती अशी होती. उंबऱ्याखालून एक सुतळी नेलेली. तिचं एक टोक मुंगळ्याच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला आणि दुसरं डाव्याच्या उजव्या अंगठ्याला. इशाऱ्याचा हिरवा दिवा फक्त मुंगळ्याच्या बाजूला होता. दिवा लागला की तो अंगठा आत ओढायचा, आणि सुतळीला हिसका बसला की दोघं एकाच वेळी फळी खेचायचे. सव्वीस वर्षं एक अख्खं अंतराळयान दोन अंगठ्यांवर चाललं. दोघंही कामावर चपला काढून उभे राहायचे.

ताईनं कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. बायको गेल्यावर मुंगळ्या तिच्याकडे राहायला आला तेव्हा तिनं ही सुतळीची युक्ती ऐकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती भावाला म्हणाली, “हे तू डोक्यानं केलंस?”

“नाही, पायानं,” तो म्हणाला.

दार ओढायला लागल्याच्या तेविसाव्या वर्षी त्याचा खांदा गेला. उजवाच. एके दिवशी सकाळी तो आरशासमोर उभा होता आणि कंगवा डाव्या हातात होता. ताईनं पाहिलं. मग सदरा घालताना पाहिलं, उजवी बाही आधी, तीही डाव्या हातानं वर चढवून. ती त्याला दंडाला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हात वर करायला लावला. तो छातीपर्यंत आला आणि तिथंच राहिला.

“काय काम करता?” डॉक्टरांनी विचारलं.

“दार उघडतो.”

“एवढंच ना? मग काही दिवस दुसऱ्या कुणाला तरी उघडू द्या.”

“बरं,” मुंगळ्या म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेला.

स्टुडिओत त्यानं कुणालाच सांगितलं नाही. डाव्यालाही नाही. निवृत्तीला साडेतीन वर्षं होती. खांद्याचं कळलं असतं तर ‘म्हाताऱ्याला झेपेना’ म्हणून बाजूला काढला असता आणि कुठल्यातरी गोदामात फळ्या मोजायला बसवला असता. त्याला दार ओढतच सेवा पुरी करायची होती. आपण केलेलं दार शेवटच्या दिवसापर्यंत आपणच ओढायचं, याहून मोठी इच्छा त्यानं कधी धरली नव्हती, आणि ही मात्र दोन्ही हातांनी धरली. म्हणजे दीड हातांनी.

परिणाम व्हायचा तो झालाच. दिवा लागायचा, अंगठा हलायचा, डावी फळी सुळ्ळकन जायची आणि उजवी मागून रेंगाळत यायची. अर्धा सेकंद, कधी पाऊण. दिग्दर्शकाला वाटलं, रूळ खराब झालाय. रुळाला तेल दिलं, मेण लावलं. मग फळी खालून रंध्यानं तासायला सांगितली, आणि ती रंधायला कुणाला सांगणार? मुंगळ्यालाच. त्यानं आपलंच दार चार वेळा खालून रंधलं. शेवटी इतकी फट पडली की पलीकडून त्याचे अनवाणी पाय दिसायला लागले आणि खाली काळी पट्टी ठोकावी लागली. ओढता येईना, रूळ वाकडा! ताई हे ऐकून हसली होती, हे तिनं कबूल करायला हवं. पण तेव्हा ते घरातलं हसू होतं.

बाहेरचं हसू आणलं त्या चष्मेवाल्यानं.

चष्मेवाला म्हणजे तिशीचा एक किडकिडीत माणूस. सासऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायचा, आणि शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये उभा राहून लोकांना हसवायचा. त्याचा विषय एकच, ‘नववी कक्षा’. लहानपणापासून एकही भाग चुकवलेला नाही. कुणाची टिंगल करायची तर आधी त्याच्यावर इतका जीव असावा लागतो, हे ताईला पुढे पटलं. तेव्हा नव्हतं पटलं.

“कॅप्टन चार झाले,” तो म्हणायचा, “पण खुर्चीवरची उशी तीच. पहिल्या कॅप्टनच्या काळात तिला जे भोक पडलं ते आता मतदान करायच्या वयाचं झालंय.” किंवा, “एक खडक आहे, तुम्ही ओळखता त्याला. अकरा ग्रहांवर जाऊन आलाय. आपल्यातल्या कुणाचा एवढा प्रवास झाला नाही. त्याला पासपोर्ट द्या!” किंवा, “हजार प्रकाशवर्षं लांबचा प्राणी येतो, तीन डोळे, हिरवी कातडी, आणि तोंड उघडतो तर आपली भाषा, तीही शुद्ध! माझा सासरा समोर बसून बोलतो ते मला कळत नाही.” आणि, “इतक्या वर्षांत त्या यानात कुणी एकदाही मोरीकडे गेलेलं नाही. म्हणून तर सगळे इतके घाईत असतात!”

आणि मग शेवटी उजवं दार.

यासाठी तो दोन्ही हात छातीशी जुळवून उभा राहायचा. डावा हात सप्पकन बाजूला. उजवा थोडा हलायचा आणि थांबायचा. कपाळ पुसायचा. कमरेवर टेकायचा. मग एखाद्या थकलेल्या मावशीच्या आवाजात, “आले, आले! जरा दम धरा की, काय आग लागलीय?” मग इंच इंच सरकत शेवटाला. “प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान,” तो म्हणायचा, “आणि दाराला संधिवात!”

हॉल कोसळायचा. कुणीतरी ते फोनवर टिपलं आणि वर्षभरात गावभर झालं. लिफ्ट उशिरा आली की लोक म्हणायचे, “उजवं दार आलं!” कचेरीत साहेब उशिरा आला की तेच. ताई बँकेत रांगेत उभी असताना खिडकीपलीकडची मुलगी जागेवर येता येता म्हणाली, “आले, आले, जरा दम धरा की!” आणि सगळी रांग हसली. ताई सोडून.

मुंगळ्या मात्र हे फोनवर पहिल्यांदा पाहून इतका हसला की डोळे पुसायला त्याला दोन्ही हात लागले, आणि उजवा वर जाईना म्हणून आणखी हसला.

“ताई, बघ, बघ, तो दम खातो ना, ते अगदी बरोबर आहे. मी तिथं खरंच दम खातो!”

“तुझी अब्रू जातेय आणि तू दात काढतोयस?”

“माझी कुठं? दाराची.”

“दार कोण आहे?”

त्यानं फोनची काच सदऱ्याला पुसली. मग म्हणाला, “तेच तर! कुणालाच माहीत नाही.” आणि परत पहिल्यापासून लावलं.

त्यातला आनंद ताईला कळला नाही. तिला फक्त धोका दिसला. लोक हसायला लागले की साहेबलोक बघायला लागतात, हे कॉलेजात नोकरी केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. आणि तसंच झालं. मालिकेला पंचवीस वर्षं होणार म्हणून स्टुडिओतच मोठा कार्यक्रम ठरला. निर्माते येणार, जुने-नवे कॅप्टन येणार, आणि करमणुकीला चष्मेवाला! त्याचं नाव निर्मात्याच्या मुलीनं सुचवलं होतं. दिग्दर्शक चिडला होता. त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “एकदाचं होऊन जाऊ दे. त्या दिवशी निर्मात्यांसमोर दाराचा विषय निघेलच. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मागे उभा राहून बघणार, रूळ खराब आहे की माणूस.”

मुंगळ्यानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा निवृत्तीला अठरा महिने होते. सांगताना तो बशीतला चहा तसाच धरून बसला होता. चहा गार झाला तरी त्याला पत्ता नव्हता.

“खांदा बघतील आता,” तो म्हणाला.

पुढच्या गुरुवारी ताई चष्म्याच्या दुकानात गेली. मुंगळ्याला न सांगता.

दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना आरसे, त्यामुळे आत एक गिऱ्हाईक असलं तरी सहा वाटायची. काउंटरमागे चष्मेवाला. त्यानं तिला खुर्चीवर बसवलं आणि पट्टी घेऊन तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजायला लागला.

“काकू, सरळ माझ्या नाकाकडे बघा.”

“काकू नको. बाई म्हण. आणि नंबर नाही काढायचा मला. ते उजव्या दाराचं बंद कर.”

त्यानं पट्टी खाली केली. असली माणसं त्याला अधूनमधून भेटत असावीत, कारण तो गोड हसला. “बाई, मालिकेचा अपमान करायचा हेतू नाही हो माझा. मी तर मालिकेचा—”

“मालिका खड्ड्यात गेली. पंचविशीच्या कार्यक्रमात ते दार करू नकोस.”

“अहो, दार नाही केलं तर लोक खुर्च्या फेकतील! माझ्याकडे आहे काय दुसरं? उशी, खडक, मोरी. हा सगळा नाश्ता आहे बाई, जेवण म्हणजे दार. आणि दाराला काय वाईट वाटणार आहे? फार तर मोटार दुरुस्त करतील.”

“कसली मोटार?”

“त्या दाराची.”

“त्या दाराला मोटार नाही,” ताई म्हणाली. “माझा धाकटा भाऊ आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. सुतळी, अंगठा, खांदा, चार वेळा रंधलेली फळी, अठरा महिने. भीड न ठेवता, वर्गात सांगावं तसं, एकामागून एक. सांगून झालं तेव्हा चष्मेवाला खाली बघत होता. पट्टीवरचे आकडे अंगठ्यानं घासत होता.

“मी सहा वर्षांचा होतो तेव्हापासून बघतोय,” तो शेवटी म्हणाला. “आईला विचारलं होतं, दाराला कसं कळतं कुणी आलंय ते? ती म्हणाली, यंत्र असतं. मी यंत्राची चेष्टा करत होतो हो, बाई.”

“मला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याशी नीट बोलतेय.”

“हे नीट?”

“याहून वाईट येतं मला.”

तो हसला नाही. म्हणाला, “नाही करणार. शब्द.” आणि ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून विचारलं, “त्यांना फार लागलं का ते? माझं ते… मावशीचा आवाज वगैरे?”

इथं ताईनं खरं सांगायला हवं होतं. की नाही, तो हसतो. रोज लावून हसतो. पण तिला वाटलं, खरं सांगितलं तर हा पाघळेल आणि करून बसेल. म्हणून ती म्हणाली, “हो, फार.”

कार्यक्रम संध्याकाळी पाचला. घरच्यांना आमंत्रण होतं, त्यामुळे ताई होती, मागून तिसऱ्या रांगेत. मुंगळ्यानं त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. “तू तर मागे असणार, तुला कोण बघणार आहे?” असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाला, “असू दे. आज प्रत्यक्ष ऐकायचंय.” तिला तेव्हा ते शब्द ऐकू आले, पण आत शिरले नाहीत. ती भुवया रंगवलेल्या म्हाताऱ्या कॅप्टनकडे बघत होती.

आणि मग घोटाळा झाला. चष्मेवाल्याचा प्रवेशच यानाच्या दारातून ठेवला होता! दिवा लागला असणार, अंगठा हलला असणार. डावी फळी सुळ्ळकन गेली. उजवी निघाली, मधे अडखळली, आणि मग हळूहळू, इंच इंच… चष्मेवाल्यानं तोंड उघडायच्या आधीच दोनशे माणसं हसायला लागली. चष्मेवाला दारात उभा, आणि लोक ओरडताहेत, “उजवं दार! उजवं दार!” निर्माता मागे वळून दिग्दर्शकाला काहीतरी विचारतो आहे. दिग्दर्शकाचं तोंड आंबट. ताईनं पर्सची चेन उघडली आणि लावली, उघडली आणि लावली.

चष्मेवाल्यानं हात वर केला. मग तो पाठमोरा झाला आणि त्या दाराकडे बराच वेळ बघत राहिला. इतका की हसणं आपोआप थांबलं.

“मंडळी,” तो म्हणाला, “मी इतकी वर्षं चुकत होतो. टीव्हीवरून कळत नाही. आज जवळून पाहिलं. उजवं दार बरोबर आहे. डावं आगाऊ आहे!”

आणि त्यानं डावं दार केलं. साहेबाची गाडी फाटकाशी यायच्या आत उभा राहणारा कारकून. फोन वाजायच्या आत ‘हॅलो’ म्हणणारा. दुसऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान हलवणारा. जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन पहिला, आणि स्वयंपाक अजून चुलीवर. “आणि उजवं? उजवं दार घरंदाज आहे. कोण आलंय ते बघतं, पदर सावरतं, मग उघडतं. तुमच्या-माझ्या घरचं दार असंच उघडतं ना? बाहेर कुणीही असो, अंतराळातून आलेला का असेना, त्यानं थांबायचं!”

हे त्यानं तिथल्या तिथं रचलं की घरून करून आणलं, ताईला आजतागायत ठाऊक नाही. लोक हसले. दारासारखे नाही हसले, पण हसले. निर्माताही हसला आणि दिग्दर्शकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, “अरे, त्या डाव्याला सांग रे जरा!”

दुसऱ्या दिवशी मागे उभं राहायचा बेत दिग्दर्शकानं सोडून दिला. त्यानं डाव्याला बोलावून एवढंच सांगितलं, “घाई नको. उजव्याच्या चालीनं ये.” डावा दिवसभर धुमसत होता. “पंचवीस वर्षं वेळेवर आलो, त्याचं हे फळ!” पण सुतळीला हिसका बसला की एक श्वास घ्यायचा आणि मग ओढायचं, हे तो चार दिवसांत शिकला. तेव्हापासून त्या दाराच्या दोन्ही फळ्या बरोबर सरकतात. सावकाश, भारदस्त. वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं की पंचविशीनंतर मालिकेला एक गांभीर्य आलंय. मुंगळ्यानं आपले अठरा महिने पुरे केले, आणि शेवटच्या दिवशी दार त्यानंच ओढलं.

इथं गोष्ट संपली असती तर ताईला पत्र लिहावं लागलं नसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोघं चालतच घरी आले. तो पाय ओढत मागून येत होता. ताईला वाटलं, सुटल्याचा थकवा असेल. घरी आल्यावर त्यानं सदरा काढला, आधी डावी बाही, मग उजवी, आणि खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला.

“त्यानं माझं दार डाव्याला दिलं,” तो म्हणाला.

“काय?”

“वर्षभर सगळं गाव माझ्यावर हसतंय. मी एकदाही समोर नव्हतो. आज पहिल्यांदा दोन हातांवर उभा होतो, फळीच्या मागे. श्वास धरून. आणि आज तो डाव्यावर बोलला.”

“अरे वेड्या, वाचलास ना तू!”

“वाचलो,” तो म्हणाला. “ते आहेच.” मग सदऱ्याची कॉलर सारखी करत, “डावं-उजवं कळत नाही त्याला. चष्मेवाला असून! गोंधळला असेल, दारातून आला ना, पाठमोरा झाला, तिथं गोंधळला. नाहीतर माझंच करणार होता तो.” आणि मग, ताईकडे न बघता, “तू गुरुवारी जातेस ना वाचनालयात? त्याचं दुकान वाटेवरच आहे. त्याला सांग, उजवंच आहे ते. आणि उजवा मी आहे म्हणावं. खांद्याचं कुणाला बोलू नको म्हणावं, पण एकदा पहिल्यासारखं कर. हॉलमध्ये. मी येतो तिकीट काढून.”

ताई म्हणाली, “सांगते.”

पुढच्या गुरुवारी त्यानं विचारलं, “सांगितलंस?” ती म्हणाली, “दुकान बंद होतं.” त्याच्या पुढच्या गुरुवारी गर्दी होती. मग तो सासऱ्याबरोबर बाहेरगावी गेला होता. मग ताईलाच सर्दी होती. सबबी सांगण्यात ती कच्ची. विद्यार्थ्यांच्या ऐकण्यात आयुष्य गेलं, पण स्वतः करायची वेळ आली तर तिच्या सबबी विद्यार्थ्यांपेक्षा पोकळ. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, “बरं. पुढच्या वेळी.” सातव्या की आठव्या गुरुवारनंतर त्यानं विचारणं सोडलं.

सांगणार काय होती ती? ‘त्याला फार लागलं’ असं खोटं चष्मेवाल्याला तिनंच सांगितलेलं. चष्मेवाल्यानं शब्द पाळला. पुन्हा कधीही, कुठल्याही हॉलमध्ये, लोकांनी कितीही ओरडलं तरी त्यानं उजवं दार केलं नाही, आणि डावं दार तितकंसं चाललं नाही. शनिवारची गर्दी पातळ झाली. त्यानं सांगितलं असतं, ‘पण बाई, तुम्हीच तर…’ आणि ते कधीतरी मुंगळ्याच्या कानावर आलं असतं. नोकरी होती तोवर ताईला धोक्याचं कारण होतं. मुंगळ्या निवृत्त होऊन आता चौथा महिना चालू आहे. ते कारणही राहिलं नाही. राहिली आहे ती लाज, आणि लाजेला ताई कधी कारण मानत आली नव्हती.

गेल्या गुरुवारी ती दुकानात गेली. सांगायचं ठरवूनच गेली. वाटेत वाक्यसुद्धा तयार केलं: माझा भाऊ म्हणतो, एकदा पहिल्यासारखं कर. सोपं वाक्य. आरशांत सहा ताई दिसत होत्या आणि सहाही गप्प. चष्मेवाल्याचे कानाजवळचे केस आता थोडे पिकले आहेत. त्यानं तिला पाहिलं आणि काच पुसता पुसता थांबला.

“बाई! खांदा कसा आहे त्यांचा?”

“बरा आहे.”

“मी ते परत कधी केलं नाही हं. सांगा त्यांना.”

“सांगते,” ताई म्हणाली.

“आज काय काम काढलंत?”

ताईनं नाकावरचा चष्मा काढला आणि काउंटरवर ठेवला. म्हणाली, “काडी सैल झालीय, बघ जरा.” त्यानं बारीक पेचकस घेतला, फिरवून बघितला, आणि म्हणाला, “नाही हो, घट्ट आहे.” तरी त्यानं काचा पुसून दिल्या. ती घरी आली. मुंगळ्यानं विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.